दादाचे कित्ते

दादा गेला त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी नऊ वाजता दवाखान्यातून निरोप आला. बाबा, शेजारचे चौघे आणि दादाच्या ऑफिसातले दोघे गेले. दुपारी तीनपर्यंत सगळं आटोपलं. पाच वाजता मुलं अक्षरं गिरवायला आली.

दादा गेल्याचं त्यांना कळलं होतं. आमच्या पत्र्याच्या वस्तीत एका घरातलं रडणं दहा घरं ओलांडून जायचं. पण गिरवणं बंद आहे असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती आली आणि रोजच्यासारखी ओळीनं बसली, अकरा जणं, मांडीवर फळ्या घेऊन. एरवी बसताना ढकलाढकली व्हायची, तेवढी झाली नाही. आत बायका मायजवळ बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "हाकल नं वो त्या पोट्ट्याहिले. आज कायचं लिवनं अन् काय." माय पदरानं तोंड पुसून मला म्हणाली, "बसू दे त्याहिले. त्यानंच बसवलं. शांते, जाय, कागद दे." मी सोळा वर्षांची होते. मी उठले आणि कागद दिले. पुढं सगळं आयुष्य मी लहान मुलांना कागद देण्यातच घालवलं, त्याची सुरुवात अशी झाली. त्या वेळी ती सुरुवात वाटली नाही. हातांना काहीतरी काम मिळालं, इतकंच वाटलं.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, धान पिकवणारे. भिलाईत लोखंडाचा कारखाना उभा राहतो आहे, हाताला काम आहे, हे ऐकून बाबा आधी एकटे आले आणि खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे दर्यावरचा नव्हे. लोखंडाच्या तुळया साखळ्यांनी आणि दोरखंडांनी वर चढवणाऱ्या टोळीतला माणूस. वर्षभरानं त्यांनी आम्हाला आणलं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, समोर मातीचा ओटा, पलीकडे सगळ्या ओळीला मिळून एक नळ. दिवसभर डंपर जात-येत आणि लाल धूळ उडे. माय भात वाढला की ताटावर दुसरं ताट पालथं घालायची आणि माणूस पाटावर बसल्यावरच ते उचलायची. घड्याळ घरात नव्हतं. पहिल्या भोंग्याला तांदूळ धुवायचे, दुसऱ्याला वरण उतरवायचं, असा तिचा हिशेब. वरण लाखोळीच्या डाळीचं, सोबत अंबाडीची भाजी, आणि रविवारी तांदळाच्या पिठाचा, घावनासारखा चीला, जो ती शेजारच्या छत्तीसगढी बाईकडून शिकली होती आणि जो तिच्या हातून कधीच पातळ झाला नाही. "हे चीला होय का भाकर?" असं दादा दर रविवारी विचारायचा. "खायाचं असन तं खा, नाही तं तुया रशियाले पाठव," असं माय दर रविवारी म्हणायची.

रशिया मध्येच येण्याचं कारण दादाची नोकरी. तो मॅट्रिक झाला होता, हात सफाईदार होता, म्हणून त्याला कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून घेतलं. इंजिनियर पेन्सिलीनं नकाशा काढत. त्यावर पारदर्शक कागद ठेवून त्यातली एकेक रेघ काळ्या शाईनं वर उचलायची, हे ट्रेसरचं काम. त्या प्रतीवरून मग निळे छाप निघत आणि ते हातात घेऊन बाबांसारखी माणसं तुळया चढवत. कारखाना रशियाच्या मदतीनं उभा राहत होता, म्हणून कित्येक नकाशांवर रशियन अक्षरं असत. दादा तीही जशीच्या तशी उचलायचा. "समजत नाही तेच बरं," तो मला म्हणायचा. "समजलं का हात समोर पयते." म्हणजे हात रेघेच्या पुढं पळतो. कधीकधी मेणकापडासारखं खळ लावलेलं ट्रेसिंगचं कापड बिघडून रद्दीत निघे, ते तो मागून आणायचा. माय ते कढत पाण्यात भिजत घालायची. खळ निघून जायची, रेषा निघून जायच्या आणि खाली मऊसूत मलमल उरायची. आमच्या ओळीतल्या प्रत्येक तान्ह्या मुलाच्या डोक्यावर त्या मलमलीचं टोपडं होतं.

गिरवणं सुरू झालं ते मोंगरामुळे. मोंगरा आमच्या मागच्या ओळीत राहायची, आठ-नऊ वर्षांची. तिचे आईबाप मातीकामावर होते. ती दुसरीत नापास झाली त्या दिवशी नळाशी बसून रडत होती. दादा कामावरून येत होता. "कावून रडून राहिली वो?" त्यानं विचारलं. ती तिच्या बोलीत म्हणाली, "गुरुजी कहिथे, मोर अच्छर कुकरी के गोड़ आय." म्हणजे, माझं अक्षर कोंबडीचे पाय आहेत. गुरुजींना पेपर वाचताच आला नव्हता. दादा तिथंच उकिडवा बसला आणि म्हणाला, "मंग कोंबडी तं चांगली चालते नं! तुयी कोंबडी लंगडते, तिचा इलाज करू." ती हसली नाही. पण पुढच्या रविवारी ती आली, आणि येताना आणखी तिघांना घेऊन आली.

दादानं साहेबांना विचारून बिघडलेल्या ट्रेसिंग कागदांचा गठ्ठा आणला होता. जाड ड्रॉइंग कागदावर काळ्या शाईनं त्यानं कित्ते लिहिले, एका कागदावर एक अक्षर, पंज्याएवढं. अठ्ठेचाळीस कागद. ल दोन तऱ्हांचा काढला, एक आपला आणि एक त्या मुलांच्या हिंदी शाळेतला. फळीवर कित्ता ठेवायचा, त्यावर पारदर्शक कागद, कोपऱ्यांना चिमटे. गिरवायचं तेही ऑफिसच्या रीतीनं. उजेड डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही. म्हणून संध्याकाळी सगळ्यांची तोंडं उत्तरेला. आधी नुसतं बोट फिरवायचं, मग काडी, मग पेन्सिल. गोल आधी, सरळ मागून, कारण वळणाला रेघ जोडता येते, रेघेला वळण जोडायला गेलं की सांधा दिसतो. वरची आडवी रेघ सगळ्यांत शेवटी, श्वास सोडता सोडता, एका दमात. आणि रोज सुरुवातीला एक वाक्य: कित्त्यावरून गिरवा, गिरवलेल्यावरून गिरवू नका. ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंगवरून ट्रेसिंग काढणं हा गुन्हाच समजला जाई. आमच्याच गावाकडचा पुंडलिक नावाचा एक वात्रट मुलगा होता, तो हे वाक्य दादाच्या आवाजात म्हणून दाखवायचा आणि वर म्हणायचा, "अन् चीला भाकरीवरून करू नका!" माय आतून लाटणं दाखवायची.

चार महिने असं चाललं. मग विषमज्वरानं अठरा दिवसांत दादा गेला. तो चोवीस वर्षांचा होता.

त्यानंतर मुलं येत राहिली आणि मी कागद देत राहिले. ऑफिसातले एक बंगाली बाबू दर शनिवारी रद्दी कागदांचा गठ्ठा आणून ओट्यावर ठेवत, चहा घेत, एक अक्षर न बोलता जात. बाबाही बोलेनासे झाले होते. कामावर जात, येत, जेवत. दादाचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. मला मात्र दुसरीच काळजी लागली होती. कित्ते झिजत होते. मुलं पेन्सिल दाबून धरत, वरच्या कागदातून खालच्या कागदावर चर पडे. क सगळ्यांत जास्त वापरला जाई. त्याच्या पोटातली शाई उडून पांढरे ठिपके दिसायला लागले होते. दादाच्या हातानं केलेलं घरात एवढंच होतं. एक दिवस मुलं गेल्यावर मी अठ्ठेचाळीस कित्ते घडी न पाडता पेटीत तळाशी ठेवले, वर मायचं लुगडं घातलं. त्याआधी प्रत्येकावरून मी एक प्रत उचलली होती. मुलांना ती दिली. ती दिवाळीपर्यंत फाटली. कित्ते पेटीतून काढायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी त्या प्रतीवरून दुसरी केली. संक्रांतीनंतर दुसरीवरून तिसरी. दादाचं वाक्य मला पाठ होतं. मी ते मुलांकडून रोज म्हणूनही घेत होते.

आज इतक्या वर्षांनी मला त्या सोळा वर्षांच्या मुलीचा, म्हणजे माझाच, राग येत नाही. ती काय राखायला बघत होती ते मला ठाऊक आहे. पण तिनं मुलांना काय दिलं, तेही लिहिलं पाहिजे.

वार्षिक परीक्षेला तीन आठवडे होते. एके दिवशी चारच्या सुमाराला शाळेचे गुरुजी स्वतः घरी आले. उंच, वाळके, छत्री बगलेत. त्यांनी खाटेवर अकरा वह्या मांडल्या, एकच पान उघडून, आणि मला विचारलं, "बेटी, सच बताना. ये कापियाँ तुम लिखती हो?"

मी नाही म्हटलं.

"तो फिर इन सबका क एक जैसा कैसे है? देखो. पेट खुला छोड़ दिया है. क को फ बना दिया. मेरी कक्षा में ग्यारह बच्चे हैं जो फबूतर उड़ा रहे हैं!"

ओट्यावरचा पुंडलिक फिसकन हसला. मी वह्या पाहिल्या. अकराही वह्यांत क चा डावा गोल मिटायच्या आधीच थांबला होता, आणि उजवा पाय जरा अडखळून खाली गेला होता. सगळीकडे एकाच जागी. गुरुजींनी मोंगराला बोलावलं, पाटी दिली, लिही म्हटलं. तिनं त्यांच्यासमोर क लिहिला. पोट उघडं, पाय अडखळलेला. गुरुजी पाटीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "लिखती तो खुद है," ते हळूच म्हणाले. "पर बेटी, सिखाया किसने?"

ते अडखळणं माझ्या हाताचं होतं. पहिली प्रत करताना माझा हात तिथं थबकला होता. दुसरीत ते थबकणं वाढलं, तिसरीत ते अक्षराचा भागच झालं. मुलांनी इमानानं ते गिरवलं होतं.

गुरुजी रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले. जे वाचता येणार नाही त्याला ते गुण देऊ शकणार नव्हते. बाकीची मुलं इतर विषयांत तरून जातील, मोंगराला मात्र सुलेखात, म्हणजे हस्ताक्षरात, पास व्हावंच लागेल, कारण हे तिचं दुसरं वर्ष. तिचा बाप कामावरून येऊन नळाशी पाय धूत होता. त्यानं सगळं ऐकलं. तो भांडखोर माणूस नव्हता. तो एवढंच म्हणाला, "ए साल फेर फेल होही त मोर संग काम म जाही. टुकनी त बोह सकथे." पुन्हा नापास झाली तर माझ्यासोबत कामाला येईल, टोपली तर डोक्यावर वाहू शकते. मोंगरानं पाटी हातानं पुसली, मग फ्रॉकनं पुसली. काही उरलं नव्हतं तरी पुसत राहिली.

सगळे गेल्यावर मी ओट्याच्या पायरीवर बसले. बाबा वालाच्या वेलासाठी कुंपण करत होते. बांबू चिरून कमच्या कापत होते, एक कमची पायाखाली धरून प्रत्येक नवी कमची तिच्याशी जुळवत होते. माय बाहेर आली. "कावून तोंड पाडून बसली?" मी तिला गुरुजींचं बोलणं सांगितलं, आणि माझी करणीही सांगितली. ती ऐकत राहिली. बाबांनी मान वर केली नाही. पण त्यांचा कोयता थांबला.

"पयली कमची कुठं हाय?" ते म्हणाले.

मला वाटलं कुंपणाचं विचारताहेत. "तुमच्या पायाखाली हाय नं, बाबा."

"ते नाही. दादाचे कागद."

सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी ते नाव घेतलं. मग ते एकदम बोलायला लागले, जसं काही मध्ये खंडच पडला नव्हता. "कमचीवरून कमची कापत गेलं तं दर कमची उलशीक वाढते. पायणाऱ्याले दिसत नाही. दहावी कमची पयलीपाशी ठेव, मंग दिसते. कास्तकाराची पोरगी तू, तुले हे सांगा लागते?"

"ते फाटतीन, बाबा," मी म्हणाले.

"फाटतीन."

"मंग त्याचं काहीच राहणार नाही."

बाबांनी कोयता खाली ठेवला. "कागद ठेवला तं तो येते का?" एवढं बोलून ते पुन्हा बांबूकडे वळले. माय आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. तिला जागा सांगावी लागली नाही. कागद माझ्या मांडीवर ठेवताना ती म्हणाली, "मी रोज उघडून पायतो. मले वाचता येत नाही, तरी पायतो." आणि थोड्या वेळानं: "दे त्या पोट्ट्याहिले."

दुसऱ्या दिवसापासून मुलं पुन्हा कित्त्यांवरून गिरवू लागली. पुंडलिकानं क हातात घेतल्याबरोबर जाहीर केलं, "दीदी, याचं पोट भरलेलं हाय. आपला उपाशी होता." मी सगळ्यांना पहिल्यापासून नेलं. बोट, मग काडी, मग पेन्सिल. लागलेली सवय मोडणं नवीन शिकण्याहून जड असतं, हे मी त्या तीन आठवड्यांत शिकले, आणि पुढं कुठल्याही मुलावर अक्षरासाठी हात उगारला नाही, याचं कारणही तेच. मोंगराचा गोल मिटेना. बोटानं मिटायचा, पेन्सिल आली की थांबायचा, नेमका माझ्या जागी. ती रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि शेवटी जायची. मध्येच तिची आई हाक मारायची, आणि माय इकडून ओरडायची, "येते वो, क करून राहिली!" मला वाटतं, त्या दिवसांत आमच्या घरात पुन्हा मोठ्यानं बोलणं सुरू झालं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी क चा कित्ता फाटला. मोंगराच्या पेन्सिलीखाली, झिजलेल्या चरातून, वरपासून पायापर्यंत. तिनं चटकन त्यावर तळहात ठेवला. "फाट गे दीदी," ती म्हणाली. मी काय केलं ते लिहायला हवं. मी तिच्या हाताखालून कागद हिसकला, आणि माझं नख तिच्या मनगटाला लागलं. बारीक लाल ओरखडा उठला. ती रडली नाही, हलली नाही. मी दोन तुकडे हातात धरून उभी राहिले.

माय दारातून आली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मोंगराच्या पुढ्यात पाटी ठेवली आणि म्हणाली, "लिव वो बाई."

"कशावरून?" मी म्हणाले.

"तुले नाही विचारलं."

मोंगरानं लेखणी धरली. खाली कित्ता नव्हता, वर पारदर्शक कागद नव्हता. गोल आधी, सरळ मागून. गोल वळून आला आणि मिटला, काठी त्याला येऊन भिडली. मग तिनं श्वास सोडत वरची रेघ ओढली. अक्षर डावीकडे झुकलेलं होतं, पोट मोठं, पाय आखूड. त्याला कोणीही फ म्हटलं नसतं.

मायनं पाटी उचलून दूर धरली, जसं लुगड्याचं सूत बघतात तसं पाहिलं. "बराबर हाय का?"

"हाव," मी म्हणाले.

"त्याच्यासारखं हाय?"

"नाही."

"मंग तिच्यासारखं असन," माय म्हणाली, आणि पाटी मोंगराला परत दिली. "आता असेच धा काढ. अन् शांते, तिच्या हाताले हळद लाव."

मी हळद लावली. मोंगरानं दुसऱ्या, लिहिणाऱ्या हातानं दहा क काढले.

निकालाच्या दिवशी गुरुजींनी काही निरोप पाठवला नाही. संध्याकाळी मोंगराचा बाप आला, पंच्यात बांधलेली माठाची कोवळी भाजी घेऊन. ती त्यानं मायच्या पुढं ठेवली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "इस्कूल जाही." शाळेत जाईल. माय म्हणाली, "बसा जी, चहा घ्या." तो बसला. बाबाही येऊन बसले. दोघंही कमी बोलणारे. कमच्या कशा चिराव्यात यावर त्यांचं बराच वेळ बोलणं झालं.

पावसाळा संपेपर्यंत बाकीचे कित्तेही एकेक करून संपले. शेवटचे सात-आठ उरले तेव्हा मी बसून माझे कित्ते लिहिले, महिनाभर पाटीवर हात बसवून मग शाईनं. मुलांना सांगितलं की हे माझे आहेत. पुढं मी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, टाउनशिपमध्ये शाळा झाल्या, मला नोकरी लागली. दर वर्षी जूनमध्ये नवे कित्ते लिहायचे आणि मार्चपर्यंत मुलांनी ते संपवायचे, असा माझा नेम राहिला. मुलांनी आपलं अक्षर काढलं की माझं त्यांच्यावरून पुसलं जाई. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ते सोडून देणं मायनं, बाबांनी आणि मोंगरानं मला आधीच शिकवलं होतं. तिघांपैकी कोणाचेही मी आभार मानले नाहीत. आमच्यात ती रीत नव्हती. ते इथं लिहून मानते.

माय-बाबा गेले. दादाच्या हातचा कागद माझ्याकडे एकही नाही, फोटोही नाही. मोंगरा दुर्गला मोहन नगरात राहते. ओट्यावर बसलेल्या त्या अकरा मुलांपैकी सात जण हयात आहेत.